४१० साली ब्रिटनमधून नेमके कोण गेले? रोमन अंमलाची अखेर आणि अँग्लो-सॅक्सन वस्ती

जुनीवाट (धागाकर्ता):

ब्रिटनचा प्राचीन इतिहास आपल्याकडे बहुधा दोन वाक्यांत उरकला जातो. इ.स. ४१० मध्ये रोमन लोक ब्रिटन सोडून गेले, हे पहिले वाक्य. आणि मग समुद्रापलीकडून आलेल्या अँगल, सॅक्सन व ज्यूट टोळ्यांनी मूळच्या ब्रिटन लोकांना वेल्सच्या डोंगरांत पिटाळून इंग्लंड वसवले, हे दुसरे. या काळाविषयी जसजसे वाचत गेलो तसतशी मला पहिल्या वाक्याचीच शंका येऊ लागली, म्हणून हा धागा काढत आहे.

रोमन सम्राट क्लॉडियसच्या चार लीजन, म्हणजे मोठ्या सैन्यतुकड्या, इ.स. ४३ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरल्या. तेव्हापासून ४१० पर्यंत ३६७ वर्षे होतात, म्हणजे चौदा-पंधरा पिढ्या. ६०-६१ साली राणी बोडिकाने बंड केले तेव्हा कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स ही तिन्ही नगरे जाळली गेली, आणि त्या आगीत भाजून निघालेल्या लाल मातीचा थर आजही तेथे पाया खणताना लागतो. त्या वेळी रोमन आणि ब्रिटन हे एकमेकांचे वैरी असलेले दोन वेगळे समाज होते, याबद्दल वाद नाही. परंतु २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व बहाल केले, आणि त्यानंतर ब्रिटनमधील साधा शेतमालकही कायद्याने रोमनच ठरला. बाथ येथील गरम पाण्याच्या झऱ्यात शिशाचे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. कोणाचा झगा चोरीला गेला, कोणाचे हातमोजे गेले, आणि त्या चोराला, मग तो पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र, सुलिस मिनर्व्हा देवीने शासन करावे, अशी गाऱ्हाणी त्यांवर कोरलेली आहेत. देवीच्या जोडनावातील सुलिस स्थानिक आणि मिनर्व्हा रोमन. गाऱ्हाणे घालणाऱ्यांपैकी अनेकांची नावे केल्टिक आणि मजकूर मात्र लॅटिन. या लोकांनी ४१० साली सामान बांधून जायचे तरी कोठे?

सैन्य गेले हे खरे आहे, पण तेही एका दिवसात गेले नाही. ३८३ मध्ये मॅग्नस मॅक्सिमसने आणि ४०७ मध्ये तिसऱ्या कॉन्स्टंटाइनने, दोघांनीही सम्राटपदाचा दावा सांगत ब्रिटनमधील पलटणी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, नेल्या. पुढे ब्रिटनच्या रहिवाशांनी या कॉन्स्टंटाइनचे अधिकारीच हाकलून दिले, असे झोसिमस हा ग्रीक इतिहासकार लिहितो. सम्राट होनोरियसने ४१० मध्ये ‘तुमचे रक्षण तुम्हीच करा’ असे नगरांना कळवल्याची प्रसिद्ध नोंद त्याचीच. पण ते पत्र ब्रिटनला नसून इटलीच्या दक्षिण टोकावरील ब्रुटियमला होते, असे मानणारेही अभ्यासक आहेत. म्हणून मी असे म्हणेन की रोमन लोक गेले नाहीत, रोमहून येणारा पगार थांबला. जाणकारांनी दुरुस्ती करावी.

सीमोल्लंघन:

धाग्याबद्दल आभार. मी न्यूकॅसलजवळ राहतो, त्यामुळे हेड्रियनची भिंत हे माझे सुटीच्या दिवशी पाय मोकळे करायला जाण्याचे ठिकाण आहे. १२२ मध्ये बांधायला घेतलेली ही भिंत साधारण ११७ किलोमीटर लांब आहे, आणि तिच्यावर पहारा देणारे ‘रोमन’ कोण होते हे पाहिले की तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच मिळते. विंडोलांडाच्या ठाण्यातील शिपाई बटेव्हियन आणि टुंग्रियन, म्हणजे आजच्या नेदरलँड्स व बेल्जियमकडचे होते. भिंतीच्या पूर्व टोकाजवळ साउथ शील्ड्स येथे रेजिना नावाच्या स्त्रीची समाधिशिला आहे. ती मूळची दक्षिण ब्रिटनमधील कॅटुव्हेलॉनी जमातीची, आधी दासी, मग मुक्त होऊन आपल्याच धन्याची पत्नी झालेली आणि तिसाव्या वर्षी वारलेली. तिचा नवरा बराटेस हा सीरियातील पालमिराचा. शिलेवर लॅटिन मजकूर रीतसर आहेच, पण त्याखाली त्याने स्वतःच्या पालमिरी लिपीत ‘बराटेसने मुक्त केलेली रेजिना, अरेरे!’ एवढीच ओळ कोरून घेतली आहे. लॅटिन कोरताना कारागिराचा हात अडखळल्यासारखा वाटतो आणि ही ओळ मात्र सफाईदार उतरली आहे. मी ती शिला दर वेळी पाहतो.

सैन्याच्या जाण्याविषयी याच भिंतीवरील बर्डोसवाल्डच्या ठाण्याचे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे. तेथील दोन धान्यकोठारांपैकी एकाचे छप्पर चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात कोसळले. दुसऱ्यात लोक राहू लागले. आणि पाचव्या शतकात पडलेल्या कोठाराच्या जागेवर लाकडाचा मोठा दिवाणखाना उभा राहिला. उत्खनन करणाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की ठाण्यातील तुकडी कोठेही गेली नाही. पगार येईनासा झाल्यावर तिचा नायक त्या मुलखाचा सरदार बनला, आणि सरकारी धान्यवसुलीच्या जागी आसपासच्या गावांकडून मिळणारा वाटा आला. तोच शिपाई, तीच जागा, फक्त धनी बदलला.

खापरखुणा:

दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. ‘फक्त पगार थांबला’ या शब्दांत जी सौम्यता आहे ती जमिनीतून निघणाऱ्या पुराव्यात नाही.

ब्रिटनमध्ये तांब्याच्या नाण्यांचा मोठा पुरवठा ४०२ च्या सुमारास आटला. सैन्याला पगार, पगारातून बाजार, बाजारातून कारागीर आणि कारागिराकडून कर अशी जी साखळी होती, तिची पहिली कडी तेथे तुटली. ऑक्सफर्डशायर, न्यू फॉरेस्ट आणि नेन नदीचे खोरे येथील मोठमोठ्या कुंभारभट्ट्या, ज्यांचा माल प्रांतभर जात असे, त्या पाचव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत विझल्या. त्यानंतर कित्येक पिढ्या ब्रिटनच्या बहुतेक भागांत चाकावर घडवलेले भांडे बनत नव्हते. जे काही होते ते हाताने थापलेले आणि कमी आचेवर भाजलेले होते. कौले, विटा, दगडी बांधकाम, सार्वजनिक स्नानगृहे हे सगळे त्याच ओघात गेले. राज्यकर्ते बदलल्याने कुंभाराचे चाक थांबत नाही. ते थांबते भांडे विकत घेणारा माणूस उरला नाही म्हणजे. खापरे मोजणाऱ्या माणसाला म्हणूनच ‘सौम्य संक्रमण’ हा शब्द पटत नाही.

या काळाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे सफोकमधील हॉक्सनचा निधी. १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना तो सापडला. त्यात सुमारे १५,००० नाणी आणि सोन्याचांदीचे दागिने, चमचे व भांडी आहेत, आणि सगळ्यांत अलीकडचे नाणे ४०७-४०८ चे आहे. चांदीच्या बहुतेक नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत. नवी चांदी येत नसल्याने लोक जुन्यावरच भागवत होते. त्याच पेटीत मिरपूड ठेवायच्या चांदीच्या चार डब्या निघाल्या, पैकी एक सजलेल्या स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची. मिरी त्या काळी एकाच दिशेने येत असे, ती म्हणजे आपल्या मलबार किनाऱ्याकडून. विंडोलांडाच्या एका लाकडी पट्टीवर, इ.स. १०० च्या आसपास, गांबॅक्स नावाच्या माणसाच्या नावे दोन दिनारांची मिरी मांडलेली आहे. तीनशे वर्षांनंतर तीच सवय सफोकच्या श्रीमंत घरात होती, आणि मग कोणीतरी डब्यांसकट सगळे पुरले आणि परत न्यायला आले नाही.

अपवाद आहेत आणि ते लपवणे बरोबर नाही. ग्लॉस्टरशायरमधील चेडवर्थच्या हवेलीत एका दालनाची भिंत ४२४ नंतरची आणि तिच्या लगतची मोझेक फरशी त्याहूनही नंतरची असल्याचे कार्बन कालमापनातून दिसले, आणि २०२० मध्ये हे जाहीर झाल्यावर आम्हा सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. कॉर्नवॉलमध्ये टिंटॅजेल येथे पाचव्या-सहाव्या शतकात पूर्व भूमध्य समुद्राकडचे तेला-वाइनचे कुंभ आणि तांबडी ताटे येतच होती. म्हणजे पश्चिमेचा समुद्रमार्ग चालू होता. मोडले ते पूर्वेकडचे.

रोखठोक:

नाणी-खापरे ठीक आहेत, पण त्या काळाच्या जवळचा, या घडामोडी सांगणारा जो एकमेव ब्रिटन लेखक आपल्या हाती आहे, तो गिल्डास, नगरे उद्ध्वस्त झाली, लोक कापले गेले, उरलेले डोंगरात किंवा समुद्रापार गेले असे स्पष्ट लिहितो. आठव्या शतकातील इंग्रज मठवासी इतिहासकार बीड हाही तेच सांगतो. साक्षीदाराचे म्हणणे बाजूला सारायचे असेल तर त्याला तसेच सबळ कारण हवे.

जुनीवाट (धागाकर्ता):

खापरखुणा, आपला आक्षेप मान्य आहे. माझ्या शेवटच्या वाक्यातील बेफिकिरी मी मागे घेतो.

रोखठोक, गिल्डासला बाजूला सारू नये, पण तो काय लिहीत होता हे लक्षात ठेवावे. सहाव्या शतकात लिहिणारा हा धर्मोपदेशक आपल्या काळच्या राजांना आणि पाद्र्यांना फटकारत होता. इतिहास हा त्याच्या प्रवचनातील दृष्टांत आहे, म्हणून त्यात सनावळी जवळजवळ नाहीच. ‘रानटी लोक आम्हांला समुद्राकडे ढकलतात आणि समुद्र आम्हांला रानटी लोकांकडे’ ही ब्रिटन लोकांची आर्त विनवणी तो उद्धृत करतो. ती तीनदा कॉन्सल (रोममधील मानाचे वार्षिक पद) झालेल्या सेनापतीला, म्हणजे बहुधा एटियसला केलेली आहे, आणि एटियस तिसऱ्यांदा कॉन्सल झाला ४४६ मध्ये. म्हणजे ४१० नंतर तब्बल ३६ वर्षांनी ब्रिटनमधील कोणीतरी अजून साम्राज्याच्या सेनापतीकडे दाद मागत होते. आपण सुटलो किंवा आपल्याला सोडले, असे त्यांना वाटत नव्हते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सॅक्सन कसे आले हे सांगताना गिल्डास म्हणतो की एका ‘गर्विष्ठ जुलमी’ राजाने उत्तरेच्या शत्रूंविरुद्ध लढण्यासाठी त्यांना बोलावले, ते आधी तीन जहाजांतून आले, आणि शिधा पुरत नाही अशी तक्रार करत उलटले. शिध्यासाठी तो जे शब्द वापरतो ते रोमन सैन्याच्या पुरवठा खात्यातले आहेत. परक्या टोळीला जमीन व धान्य देऊन सीमेवर बसवणे हा साम्राज्याचा नेहमीचा व्यवहार होता. तेव्हा ब्रिटनच्या सत्ताधाऱ्यांनी केलेली चूक अगदी रोमन पद्धतीची होती. बोलावणारा राजा व्हॉर्टिगर्न आणि आलेल्यांचे नायक हेंगिस्ट व हॉर्सा ही नावे आणि ४४९ चा काळ पुढे बीड देतो, पण त्याने ग्रंथ पुरा केला ७३१ मध्ये, आणि तोही नॉर्थम्ब्रिया या उत्तरेकडील इंग्रज राज्यातल्या मठात बसून, जेते ठरलेल्या समाजाचा माणूस म्हणून. गॉलमधील एक इतिवृत्त ब्रिटन ४४१ च्या सुमारास सॅक्सनांच्या ताब्यात गेले असे सांगते. सॅक्सन चाचे तर त्याच्याही दीडशे वर्षे आधीपासून किनाऱ्यावर येत होते, आणि पोर्टचेस्टर, बर्ग कॅसल अशा किल्ल्यांच्या रांगेला रोमन दप्तरात ‘सॅक्सन किनारा’ असेच नाव होते.

शब्दवेल्हाळ:

या चर्चेत भाषा अजून आलेली नाही, आणि माझ्या मते खरे कोडे तेथेच आहे. गॉलमध्ये फ्रँक जेते होते, तरी तेथील लोक लॅटिनची लेक म्हणावी अशी फ्रेंच बोलू लागले. स्पेनमध्ये व्हिसिगॉथ जेते होते आणि तेथेही जेत्यांचीच भाषा लोपली. ब्रिटनमध्ये मात्र उलटे झाले. जेत्यांची भाषा टिकली, आणि ब्रिटन लोकांच्या जुन्या ब्रिटॉनिक भाषेतून इंग्रजीत आलेले शब्द हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आहेत: बिज्जूला ब्रॉक, दरीला कूम, असे काही. जे शेजारी एकमेकांच्या घरी जेवतात त्यांचे शब्द मिसळतात. येथे तसे दिसत नाही.

नद्यांनी मात्र आपली नावे सोडली नाहीत. थेम्स, सेव्हर्न, ट्रेंट, डरवेंट ही सगळी जुनी नावे. एव्हन या नावाचा अर्थच मुळी नदी असा आहे, आणि वेल्श भाषेत नदीला आजही ‘आव्हन’ म्हणतात. कोणा नवागताने बोट दाखवून हे काय आहे असे विचारले असावे आणि मिळालेले उत्तर विशेषनाम म्हणून टिपून घेतले असावे. लँकेशायरमधील पेंडल हिलची कथा तर आणखी गमतीची. ‘पेन’ म्हणजे डोंगर, त्याला जुन्या इंग्रजीतील डोंगरवाचक ‘हिल’ चिकटून पेंडल झाले, आणि तेही विसरल्यावर पुन्हा हिल जोडले गेले. डोंगर-डोंगर-डोंगर.

गावांच्या नावांत पूर्वेकडे ‘हॅम’ आणि ‘टन’ या जर्मानिक वस्तीवाचक शेवटांचा सुळसुळाट आहे, तर ‘चेस्टर’ हा शेवट छावणीसाठी असलेल्या लॅटिन ‘कास्त्रा’ पासून आला आहे. वेल्स हा शब्द इंग्रजांनी दिलेला. ‘वॅल्ह’ म्हणजे परका, आणि पुढे त्याला दास असाही अर्थ चिकटला. ज्यांची ती भूमी होती त्यांनाच परके म्हटले गेले. ते स्वतःला ‘कम्री’ म्हणतात, म्हणजे एका मुलखाचे सोबती. वॉल्टन नावाच्या गावांपैकी काहींत हाच ‘वॅल्ह’ दडलेला आहे, म्हणजे इंग्रजी मुलखात ब्रिटन लोकांच्या ओळखू येण्याजोग्या वस्त्या होत्या. सगळे वेल्सला पळून गेले असते तर शेजाऱ्यांना असे नाव ठेवायचे कारण पडले नसते.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. वेसेक्स या दक्षिणेकडील सॅक्सन राज्याच्या राजघराण्याचा मूळ पुरुष म्हणून अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त ज्याला ४९५ मध्ये किनाऱ्यावर उतरवते, त्या सर्डिकचे नाव जर्मानिक नसून ब्रिटॉनिक आहे. याच घराण्यातील नवव्या शतकातला राजा आल्फ्रेड याच्या दरबाराने आपली वंशावळ वोडन देवापर्यंत नेली, पण मधल्या पायरीवरचे हे नाव पुसता आले नाही.

रोखठोक:

शब्दवेल्हाळ, नावांचा मुद्दा पटला. पण म्हणून स्थलांतर लहान होते असे ठरत नाही. १९९० च्या दशकात ‘मूठभर योद्धे आले आणि बाकीच्यांनी त्यांच्या रीती उचलल्या’ असे म्हणण्याची जणू फॅशन होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनए अभ्यासात वायव्य युरोपातील ४६० मध्ययुगीन व्यक्तींचे सांगाडे तपासले गेले, त्यांपैकी २७८ इंग्लंडमधील होते. इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण भागातील व्यक्तींच्या वंशात उत्तर समुद्रापलीकडून आलेला वाटा ७६ टक्क्यांपर्यंत निघाला. आणि आलेले केवळ पुरुष नव्हते. बायकाही होत्या, म्हणजे संसारच आले. नॉरफोकमधील स्पाँग हिल येथे २,००० हून अधिक अस्थिकलशांची दफनभूमी आहे, आणि त्या कलशांवरील नक्षीची जवळची भावंडे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याकडे सापडतात. मूठभर योद्ध्यांची दफनभूमी अशी नसते.

मात्र त्याच अभ्यासातील दुसरी बाजूही सांगतो, कारण ती माझ्या आधीच्या प्रतिसादाच्या विरोधात जाते. कत्तल झाली असती तर मिश्र कुटुंबे दिसली नसती. येथे एकाच दफनभूमीत स्थानिक, परके आणि मिश्र वंशाचे लोक शेजारी शेजारी पुरलेले आहेत, आणि शस्त्रासह पुरलेल्या पुरुषांत दोन्ही प्रकारचे लोक आहेत. ‘कापले गेले’ हे मी सरसकट म्हणणार नाही.

भाषा का बदलली याचे उत्तर मला कायद्यात दिसते. वेसेक्सचा राजा आयनी याने ६९० च्या सुमारास केलेल्या कायद्यात माणूस मारल्यास द्यायच्या भरपाईचे दर आहेत. साध्या सॅक्सन शेतकऱ्याच्या जिवाचे मोल २०० शिलिंग. एक हाइड, म्हणजे साधारण एका कुटुंबापुरती, जमीन बाळगणाऱ्या वेल्श माणसाचे १२०, आणि भूमिहीन वेल्शाचे ६०. राजाच्या चाकरीत घोडेस्वार असलेल्या वेल्शाला मात्र पुरे २००. एवढा फरक रोज डोळ्यांसमोर असेल तर आपल्या मुलाने कोणती भाषा बोलावी हे आईबाप फार विचार न करता ठरवतात.

खापरखुणा:

रोखठोक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. गॉलमध्ये असे झाले नाही, कारण तेथे जेत्यांनी आत्मसात करावी अशी लॅटिन नगरे, बिशप आणि करवसुली शिल्लक होती. पूर्व ब्रिटनमध्ये ती आधीच कोसळली होती, त्यामुळे तेथे रोमन होण्यात कोणाचाच फायदा उरला नव्हता. नाणी व खापरे आणि आयनीचा कायदा ही एकाच प्रक्रियेची दोन टोके आहेत.

अनुस्वार:

चर्चा बराच वेळ विध्वंसावरच रेंगाळली आहे, म्हणून या समाजाने पुढे काय उभे केले त्याबद्दल थोडे लिहिते.

आग्नेय इंग्लंडमधील केंटचा राजा एथेलबर्ट याची फ्रँक राणी बर्था आधीपासूनच ख्रिस्ती होती. ५९७ मध्ये पोप ग्रेगरीने पाठवलेला ऑगस्टीन तेथे पोचला आणि राजाने धर्म स्वीकारला. त्यापाठोपाठ त्याने जे कायदे लिहवून घेतले ते लॅटिनमध्ये नाहीत, इंग्रजीत आहेत, आणि ही मला या काळातील सर्वांत विलक्षण घटना वाटते. युरोपच्या मुख्य भूमीवरचे जर्मानिक राजे त्या काळी लॅटिनमध्येच कायदे लिहवीत होते. त्यात समोरचा दात पाडल्यास सहा शिलिंग, त्याच्या शेजारच्या दातास चार, त्यापुढच्यास तीन आणि उरलेल्यांस प्रत्येकी एक अशी बारीक मोजणी आहे. लेखणी रोमची आणि दात केंटचे. ग्रेगरीचे ६०१ मधील पत्रही वाचनीय आहे: मूर्ती मोडा, पण देवळे पाडू नका, त्यांत पवित्र जल शिंपडून तीच वापरा, म्हणजे लोक ओळखीच्या जागी येत राहतील.

सफोकमधील सटन हू येथे १९३९ मध्ये उकरलेले २७ मीटर लांबीचे दफनजहाज हे ख्रिस्ती धर्म दारात उभा असतानाचे आहे. बहुतेक अभ्यासक ते पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचे मानतात, आणि हा राजा एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या देवांचा चौथरा ठेवत असे, असे बीड नापसंतीने लिहितो. जहाजात बायझँटियमचे चांदीचे ताट होते, फ्रँक सोन्याची ३७ नाणी होती. दूरचा व्यापार पुन्हा सुरू झाला होता, फक्त तो आता बाजारात न दिसता राजाच्या दालनात दिसू लागला होता.

बांधकामाचे कसब मात्र खरोखरच विसरले गेले होते. नॉर्थम्ब्रियातील मठाधिपती बेनेडिक्ट बिस्कपने ६७४ मध्ये मंकवेअरमथचा मठ ‘रोमन रीतीने’ दगडात बांधायचे ठरवले तेव्हा त्याला गवंडी आणि काच बनवणारे गॉलमधून आणावे लागले. जॅरो येथील त्याच्या दुसऱ्या मठाच्या चर्चमध्ये २३ एप्रिल ६८५ या तारखेची कोनशिला आजही आहे, आणि त्याच मठात बीड वाढला. जुन्या इंग्रजीतील एका कवितेत पडक्या नगराचे, कोसळलेल्या छपरांचे आणि गरम पाण्याच्या कुंडांचे वर्णन आहे. ते बहुधा बाथचे असावे. कवीने त्या इमारतींना राक्षसांची करणी म्हटले आहे. जुनीवाट यांनी पहिल्या प्रतिसादात ज्या झऱ्याचे नाव घेतले, जेथे लोक हातमोज्याच्या चोरीसाठी देवीला वेठीस धरत होते, त्याच झऱ्याकडे काही शतकांनंतरचा माणूस या नजरेने पाहत होता.

नवशिका:

वाचनमात्र होतो, पण एक प्रश्न विचारतो. लंडनचे या सगळ्यात काय झाले? ते तरी सलग चालू राहिले का?

सीमोल्लंघन:

नाही, आणि त्याची खूण आजच्या नकाशावर आहे. रोमन तटाच्या आतील लंडन पाचव्या शतकात ओस पडले. सातव्या शतकात सॅक्सनांचे व्यापारी गाव वसले ते तटाच्या बाहेर, पश्चिमेला नदीकाठी, आजच्या कोव्हेंट गार्डन व स्ट्रँडच्या परिसरात. त्याला लंडनविक म्हणत. १९८० च्या दशकापर्यंत त्याची नेमकी जागा अभ्यासकांच्या ध्यानात आली नव्हती, कारण सगळे तटाच्या आत शोधत होते. पुढे व्हायकिंगांच्या धाकाने आल्फ्रेडने ८८६ मध्ये पुन्हा जुन्या तटाच्या आत वस्ती हलवली, आणि मागे राहिलेल्या गावाला लोक ‘जुने विक’ म्हणू लागले. लंडनच्या मध्यवस्तीत ऑल्डविच नावाचा रस्ता आहे, तोच हा शब्द.

नवशिका:

म्हणजे मी रोज कचेरीला जाताना ज्या बसथांब्यावर उतरतो, तोच. धन्यवाद.